अमेरिकेतली सरकारी मदतीची भाडेघरं: मॅनेजरने नियम कसे सांभाळावेत

अमेरिकेत सरकारी मदतीच्या भाडेघरांवर मॅनेजर म्हणून रुजू झालं की हातात जाडजूड हँडबुक येतं. ते वाचायला हवंच. पण पहिलं पान उलटण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: या इमारतीत पैसा कुठकुठून आला आहे? मी पाहिलेल्या बहुतेक चुका नियम माहीत नसल्यामुळे झालेल्या नव्हत्या. एका योजनेचा नियम दुसऱ्या योजनेच्या घराला लावल्यामुळे झाल्या होत्या. आणि अशा चुकीचा भुर्दंड पुष्कळदा मालकाआधी भाडेकरूलाच बसतो. घर मिळायला हवं होतं त्याला ते मिळत नाही, किंवा मिळालेलं सोडावं लागतं.

१. आधी पैशाचे थर शोधा

मालकाकडून करारांच्या प्रती मागून घ्या. 1986 च्या करसुधारणा कायद्यातून आलेलं टॅक्स क्रेडिट (स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या मालकाला मिळणारी करसवलत) असेल, तर राज्याच्या गृहनिर्माण एजन्सीशी झालेला निर्बंधांचा करार आणि प्रत्येक इमारतीचा फॉर्म 8609 (त्या इमारतीच्या क्रेडिटचा कर-फॉर्म) असतो. सेक्शन 8 ची मदत (यात भाड्याचा काही वाटा सरकार भरतं) इमारतीलाच जोडलेली असेल, तर हडशी (HUD, म्हणजे संघीय गृहनिर्माण खातं) झालेला अनुदान करार असतो. शिवाय होम (HOME) या संघीय योजनेचं कर्ज असू शकतं, ग्रामीण भागात कृषी खात्याच्या सेक्शन 515 चं असू शकतं. एकाच इमारतीत दोन-तीन थर असणं अगदी नेहमीचं आहे.

मग एका कागदावर तक्ता करा. आडव्या ओळींत प्रश्न लिहा: उत्पन्नाची मर्यादा, भाड्याची मर्यादा, विद्यार्थ्यांचा नियम, दरवर्षीची फेरतपासणी, डिपॉझिट, लीज संपवण्याची कारणं. उभ्या रकान्यांत योजना. ज्या घराला दोन योजना लागू आहेत तिथे दोन्हींचे नियम पाळावे लागतात, म्हणजे त्या त्या प्रश्नावर जो कडक तोच चालतो.

विद्यार्थ्यांच्या नियमात हे लख्ख दिसतं. टॅक्स क्रेडिट संपूर्ण कुटुंबाकडे बघतं: घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कुटुंब अपात्र, ठरावीक अपवाद वगळून. कॅलेंडर वर्षातल्या कोणत्याही पाच महिन्यांत थोडा काळ जरी पूर्णवेळ शिकलं, तरी माणूस त्या वर्षापुरता पूर्णवेळ विद्यार्थी धरला जातो. सेक्शन 8 मात्र एकेका विद्यार्थ्याकडे बघतं: 24 वर्षांखालचा, अविवाहित, मूल नसलेला कॉलेज-विद्यार्थी स्वतंत्र राहत असेल, तर त्याच्या आईवडिलांचं उत्पन्नही बहुतेक वेळा विचारात येतं, मग तो अर्धवेळ का शिकत असेना. म्हणून 26 वर्षांचे दोन अविवाहित पूर्णवेळ विद्यार्थी सेक्शन 8 ला चालतील, पण टॅक्स क्रेडिटला बहुधा नाही. आणि 20 वर्षांचा, एकटा राहणारा अर्धवेळ विद्यार्थी नेमका उलट.

इथे नवीन माणूस हमखास एका गोष्टीवर अडतो. शाळेत जाणारी मुलंही विद्यार्थीच मोजली जातात. म्हणजे पूर्णवेळ नर्सिंग शिकणारी एकटी आई आणि तिचा दुसरीतला मुलगा, हे ‘सगळे विद्यार्थी’ असलेलं कुटुंब झालं. पण एकल पालकाचा अपवाद याच परिस्थितीसाठी आहे: आई दुसऱ्या कुणावर करासाठी अवलंबित दाखवलेली नसावी आणि मूल आईवडिलांखेरीज इतर कुणाच्या रिटर्नमध्ये नसावं. तिला दारातून परत पाठवण्याआधी हा अपवाद तपासणं तुमचं काम आहे, तिचं नाही.

२. निवडीचे नियम लेखी ठेवा आणि सर्वांना सारखे लावा

भाडेकरू निवडण्याची लेखी योजना हवी, आणि वेटिंग लिस्टवर प्रत्येक अर्जाची तारीख आणि वेळ हवी. नाव वगळलं, वर घेतलं, संपर्क झाला नाही, जे काही घडलं ते त्याच ओळीत, तारखेसह. पेन्सिल नको.

हडच्या इमारतींत अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि दाद मागण्यासाठी 14 दिवस द्यावे लागतात. ती बैठक मूळ निर्णयात नसलेल्या माणसाने घ्यायची आणि उत्तर पाच कामाच्या दिवसांत द्यायचं. ‘पात्र नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र मला अन्यायाचं वाटतं. कोणत्या निकषावर आणि कोणत्या कागदामुळे, हे लिहिलं तरच माणसाला चूक दाखवून देता येते. पार्श्वभूमी तपासणीत नावसाधर्म्याने भलत्याचाच गुन्हा चिकटणं हे खरोखर घडतं.

टॅक्स क्रेडिटच्या इमारतीत एखाद्याकडे सेक्शन 8 चं व्हाउचर (इमारतीला नव्हे, भाडेकरूला जोडलेली भाड्याची मदत) आहे, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही. हे फ्रंट डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. फोनवर सहज दिलेलं ‘आम्ही व्हाउचर घेत नाही’ हे उत्तरसुद्धा उल्लंघन ठरू शकतं.

३. उत्पन्न मोजणं: इथे वेळ द्या

फाइलचा कणा हाच. उत्पन्न येत्या बारा महिन्यांचं अंदाजायचं असतं, गेल्या वर्षीचं नाही. पगार, ओव्हरटाइम, टिप्स, पोटगी, पेन्शन, सोशल सिक्युरिटी, मालमत्तेवरचं व्याज, प्रत्येकाचा पुरावा हवा, आणि शक्यतो तो तिसऱ्या पक्षाकडून आलेला. पगाराच्या पावत्या घ्या त्या सलग घ्या, मधली गाळलेली चालत नाही. टॅक्स क्रेडिटमध्ये पुरावा साधारण 120 दिवसांपर्यंतच ताजा मानतात, त्यामुळे घर तयार व्हायला उशीर झाला तर तारखा पुन्हा तपासा.

एक हिशेब जवळून बघू. अर्जदार सांगते, तासाला 17.50 डॉलर, आठवड्याला 36 तास. गुणाकार केला: 17.50 × 36 × 52 = 32,760 डॉलर. त्या कुटुंबाची मर्यादा समजा 36,000 आहे. पात्र. पण 15 जूनला संपणाऱ्या पगाराच्या पावतीवर वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम 16,600 डॉलर आहे. 1 जानेवारी ते 15 जून म्हणजे 166 दिवस. दिवसाला 100 डॉलर, वर्षाचे 36,500. आता मर्यादा ओलांडली.

यातला कोणता आकडा खरा? फाइल कोऱ्या मनाने वाचणारा ऑडिटर मोठा आकडा धरेल. म्हणून मालकाला, म्हणजे तिच्या नोकरीच्या ठिकाणी, विचारा: फरक कशामुळे? एकदाच मिळालेला बोनस होता का? हिवाळ्यात ओव्हरटाइम होता आणि आता बंद झाला का? उत्तर लेखी आलं तर ते फाइलला लावा आणि खाली दोन ओळींत तुमचा निष्कर्ष लिहा. उत्तर आलं नाही तर मोठा आकडा धरा. दोन्ही हिशेब प्रत्येक पगारदाराच्या फाइलमध्ये करायची सवय लावून घ्या. दहा मिनिटं लागतात, आणि चुकीच्या प्रवेशामुळे एखाद्या कुटुंबावर पुढे येणारं संकट टळतं.

अर्जदाराला कागद कशासाठी हवेत तेही समजावून सांगा. बँकेचं स्टेटमेंट मागितलं की माणसं घाबरतात, काही जण लपवतात, आणि लपवलेलं सापडलं की प्रकरण फसवणुकीकडे जातं. शांतपणे सांगितलेलं एक वाक्य इथे खूप वाचवतं.

४. भाडं ठरवणं

सेक्शन 8 च्या घरात भाडेकरूचा वाटा मुख्यतः वजावटींनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या 30 टक्के असतो. टॅक्स क्रेडिटमध्ये तसं नाही. तिथे कमाल भाडं घराच्या बेडरूमवरून निघतं, राहणाऱ्याच्या खऱ्या उत्पन्नावरून नाही. एका बेडरूमला दीड माणूस धरतात, म्हणून दोन बेडरूमच्या घराला तीन माणसांच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा लागते. ती 54,000 डॉलर असेल तर 30 टक्के म्हणजे 16,200, महिन्याला 1,350. या आकड्यात वीज-गॅससारख्या बिलांचा भत्ता आधीच धरलेला असतो. भाडेकरू ती बिलं स्वतः भरत असेल आणि भत्ता 120 डॉलर असेल, तर तुम्ही 1,230 पेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

भत्ता वाढला आणि भाडं तसंच राहिलं की तुम्ही नकळत मर्यादेबाहेर जाता. भत्त्याचा नवा तक्ता आला त्याच दिवशी सगळ्या घरांचे आकडे पुन्हा तपासा. भाडेकरूला भरणं सक्तीचं असलेलं कोणतंही शुल्कही भाड्यातच मोजलं जातं.

५. दरवर्षीचं चक्र

हडच्या घरांत फेरतपासणीची आठवण करून देणारी पत्रं वर्धापन तारखेच्या 120, 90 आणि 60 दिवस आधी जातात. ती कॅलेंडरवर आजच टाका, कारण पत्र गेलं नसेल तर उशीर भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. भाडं वाढणार असेल तर 30 दिवसांची नोटीस. उत्पन्न आणि मालमत्ता मोजण्याचे नियम 2016 च्या हॉटमा कायद्याने बदलले आहेत. तुमच्या इमारतीला ते कोणत्या तारखेपासून लागू, हे कंत्राट सांभाळणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

पूर्ण इमारत टॅक्स क्रेडिटची असेल तर 2008 पासून संघीय कायद्याने दरवर्षी उत्पन्न तपासण्याची सक्ती नाही, पण विद्यार्थी आहेत का हे दरवर्षी विचारावंच लागतं. राज्याच्या एजन्सीचे नियम याहून कडक असू शकतात. मिश्र इमारतीत, म्हणजे जिथे काहीच घरं टॅक्स क्रेडिटची असतात तिथे, कुटुंबाचं उत्पन्न वाढून मर्यादेच्या 140 टक्क्यांवर गेलं, तरी त्याला घर सोडावं लागत नाही. त्याच इमारतीत तेवढंच किंवा लहान असं पुढचं रिकामं होणारं घर पात्र कुटुंबाला द्यायचं, एवढी अट. बढती मिळाली म्हणून घर जाईल, या भीतीने कुणी तुमच्याकडे आलं तर हे आवर्जून सांगा.

६. अपंगत्व, हिंसा, भेदभाव

1968 चा फेअर हाउसिंग कायदा वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, लिंग, मुलं असलेलं कुटुंब आणि अपंगत्व यांवरून भेदभावाला मनाई करतो. शेवटचे दोन निकष 1988 मध्ये आले. बहुतेकांना हे माहीत असतं. चूक होते ती अपंग भाडेकरूची विनंती ओळखण्यात. त्यासाठी ठरावीक फॉर्म किंवा ठरावीक शब्द लागत नाहीत. जिन्यात थांबवून कुणी म्हणालं, ‘गुडघ्यामुळे वरचा मजला झेपत नाही,’ तर ती विनंतीच आहे. तारीख टाका, नोंदवा, उत्तर द्या. मदतीसाठी लागणारा प्राणी हा पाळीव प्राणी नाही, त्याच्यासाठी पेट डिपॉझिट घ्यायचं नाही. संघीय अनुदान घेणाऱ्या इमारतीत 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं कलम 504 लागतं, आणि तिथे बाथरूममध्ये आधाराचे दांडे लावण्यासारख्या वाजवी बदलांचा खर्च साधारणपणे मालकाचा. खासगी इमारतीतल्या अनुभवावरून ‘तुमच्या खर्चाने करा’ सांगणारे मॅनेजर इथे चुकतात.

घरगुती हिंसाचाराच्या बळींना संरक्षण देणारा व्हावा कायदा 2013 पासून टॅक्स क्रेडिटच्या घरांनाही लागू आहे, आणि नावात महिला असल्या तरी तो सर्वांसाठी आहे. हडच्या योजनांत त्याची नोटीस आणि फॉर्म तीन वेळा द्यायचे: अर्ज नाकारताना, घर देताना आणि घर सोडण्याच्या नोटिशीसोबत. पीडित व्यक्तीकडे लेखी पुरावा मागितला तर निदान 14 कामाचे दिवस द्यायचे. तिची माहिती नेहमीच्या फाइलमध्ये ठेवू नका, स्वतंत्र कुलुपात ठेवा. आणि तिच्या घरच्या फोनवर निरोप ठेवण्याआधी तिथे ठेवणं सुरक्षित आहे का, हे तिलाच विचारा.

७. घरांची स्थिती

हडच्या इमारतींची तपासणी 1 ऑक्टोबर 2023 पासून एनस्पायर पद्धतीने होते. जिवाला धोका असलेले आणि गंभीर दोष 24 तासांत, मध्यम दोष 30 दिवसांत दुरुस्त करायचे. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, अडवलेले बाहेर पडायचे मार्ग आणि उघड्या वायरी स्वतः फिरून बघा, तपासणीची वाट न बघता. 1978 पूर्वीची इमारत असेल तर लीजवर सही होण्याआधी शिशाच्या रंगाची माहिती आणि पत्रक द्यावं लागतं.

८. चूक सापडली तर, आणि फाइल किती जपायची

टॅक्स क्रेडिटची एजन्सी तीन वर्षांत निदान एकदा येते आणि सापडलेलं उल्लंघन फॉर्म 8823 वर आयआरएसला (संघीय करखात्याला) कळवते. तपासणीची नोटीस येण्याआधी तुम्हीच चूक शोधून दुरुस्त केली असेल, तर आयआरएसच्या मार्गदर्शिकेनुसार ती सहसा कळवावी लागत नाही. म्हणून दर तिमाहीला काही फाइल्स काढून बाहेरच्या नजरेने वाचा. दुरुस्ती करताना जुना कागद फाडू नका, मागची तारीख तर मुळीच टाकू नका. आजच्या तारखेची टीप लावा: काय चुकलं, कधी कळलं, काय केलं. जादा भाडं घेतलं गेलं असेल तर भाडेकरूला परत करा आणि त्याची पावती लावा. परत दिल्याने ते वर्ष टॅक्स क्रेडिटसाठी आपोआप शुद्ध होत नाही, पण ते पैसे त्याचे आहेत.

दोन थरांच्या इमारतीत एक जागा फार नाजूक आहे. हडच्या ईआयव्ही यंत्रणेतून (भाडेकरूंचं उत्पन्न पडताळण्याची संगणक-यंत्रणा) मिळालेली पगाराची आणि सोशल सिक्युरिटीची माहिती टॅक्स क्रेडिटच्या ऑडिटरला दाखवता येत नाही. ते अहवाल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि टॅक्स क्रेडिटच्या फाइलमध्ये स्वतंत्र पुरावा घ्या.

टॅक्स क्रेडिटचे कागद त्या वर्षाच्या रिटर्नच्या अंतिम तारखेनंतर सहा वर्षं ठेवायचे असतात. पहिल्या क्रेडिट वर्षाच्या फाइल्स मात्र 15 वर्षांचा अनुपालन काळ (क्रेडिटसाठी नियम पाळायचा काळ) संपून वर आणखी सहा वर्षं, म्हणजे सुमारे 21 वर्षं. एवढ्या काळात मॅनेजर बदलतात, मालकही बदलतात. त्या खोक्यांवर ‘पहिलं वर्ष, नष्ट करू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, त्यांची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि इमारत विकली गेली तर हस्तांतराच्या यादीत ती नावानिशी येतील याची खात्री करा.