एसएसएच लॉगिनला वेळ लागतो? निदान करताना या चुका टाळा

एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीने) सर्व्हरवर जाताना पासवर्ड विचारला जाण्याआधी, किंवा तो दिल्यानंतर, दहा-वीस सेकंद काहीच घडत नाही. एकदा आत गेल्यावर मात्र सगळ्या कमांड झटपट चालतात. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच. अशा वेळी बहुतेक जण सर्व्हरवर भार आहे असे समजून रॅम वाढवतात किंवा सर्व्हर रीस्टार्ट करतात. आत गेल्यावर सगळे सुरळीत चालत असेल, तर भार हे कारण सहसा नसते. लॉगिनची प्रक्रिया त्या काळात काही करत नसते, ती कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असते, आणि आपल्याला शोधायचे असते ते उत्तर न देणाऱ्याला.

म्हणूनच न मोजता सेटिंग बदलायला घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एसएसएच कमांडला ‘व्ही’ हा पर्याय तीनदा देऊन चालवावे आणि ओळी कोणत्या टप्प्यावर अडतात व किती सेकंद अडतात, हे घड्याळ लावून लिहून ठेवावे. जोडणी होण्याआधीच अडत असेल, तर आयपीव्ही ६ चा पत्ता आधी वापरून पाहिला जात आहे आणि तो मार्ग बंद आहे, अशी शक्यता असते. आयपीव्ही ४ ची सक्ती करणारा ‘४’ हा पर्याय देऊन ती लगेच पडताळता येते. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीतच सगळे गोठत असेल, तर वाटेत मोठी पॅकेट गळत आहेत का, म्हणजे एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) घोळ आहे का, ते पाहावे. व्हीपीएनवरून येणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो. पासवर्ड विचारण्याआधी अडणे आणि पासवर्ड स्वीकारल्यानंतर अडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची कारणेही सहसा वेगळी असतात.

सेकंदांचा आकडाही बोलका असतो. लिनक्समध्ये डीएनएसच्या (नावे आणि आयपी पत्ते यांची जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेच्या) एका प्रश्नासाठी नेमसर्व्हरची वाट पाहण्याची ठरलेली मुदत ५ सेकंद असते आणि प्रयत्न २ केले जातात. त्यामुळे उशीर ५, १० किंवा २० सेकंदांच्या आसपास असेल, तर पहिला संशय नावे शोधणाऱ्या यंत्रणेवर घ्यावा. उशीर जवळजवळ नेमका २५ सेकंद असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

यूजडीएनएस बंद केले, आता झाले, असे समजू नका

या तक्रारीवर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएच सेवेच्या, कॉन्फिग फाइलमध्ये यूजडीएनएस ‘नो’ करणे. हे सेटिंग चालू असताना सर्व्हर येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून त्याचे नाव शोधतो आणि ते नाव त्याच पत्त्याकडे परत नेते का, हेही तपासतो. परंतु मूळ ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये २०१५ सालच्या ६.८ या आवृत्तीपासून ते आधीच ‘नो’ असते. त्यामुळे आजच्या बऱ्याच सर्व्हरवर ती ओळ लिहिल्याने काहीच बदलत नाही, आणि लिहिणारा मात्र एक कारण निकालात काढल्याच्या समजुतीत राहतो. प्रत्यक्षात कोणते सेटिंग लागू आहे, हे फाइल वाचून ठरवू नये. एसएसएचडीला मोठा ‘टी’ हा पर्याय देऊन ते विचारावे. हल्ली कॉन्फिगच्या उपफोल्डरमधल्या फाइलही वाचल्या जातात आणि जे मूल्य आधी सापडेल तेच धरले जाते, त्यामुळे मुख्य फाइलच्या तळाशी हौसेने लिहिलेली ओळ निष्फळ ठरू शकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पत्त्याला नाव नसल्यामुळे उशीर होत नाही. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा क्षणार्धात येते. उशीर होतो तो उत्तरच न आल्यामुळे: नेमसर्व्हरच्या यादीतला पहिला पत्ता कधीचा बंद पडलेला असतो, किंवा फायरवॉल ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाऊ देत नाही. मग प्रत्येक प्रश्न आधी त्या मृत पत्त्याकडे जातो आणि ५ सेकंदांनी दुसऱ्याकडे वळतो. अशा सर्व्हरवर यूजडीएनएस बंद केल्याने लॉगिन सुधारले, तरी मूळ आजार तसाच राहतो आणि मेल पाठवणे, पॅकेज अद्ययावत करणे अशा दुसऱ्या कामांत डोके वर काढतो. सुडोलाही (रूटच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या कमांडलाही) तितकाच वेळ लागत असेल, तर दोष एसएसएचचा नाही, हे तेथेच ओळखावे. यादी दुरुस्त करतानाही ती यादी असलेली रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल हाताने बदलून थांबू नये, कारण नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हडी ती पुन्हा लिहून टाकण्याचा संभव असतो. बदल जिथून ती फाइल तयार होते, तिथे करावा.

जीएसएसएपीआय या ओळखतपासणीच्या पद्धतीबाबतही सरसकट ‘बंद करा’ असा सल्ला दिला जातो. कर्बरॉस (संस्थेची मध्यवर्ती ओळखतपासणी यंत्रणा) नसलेल्या ठिकाणी क्लायंट ती पद्धत वापरू पाहतो आणि नावांच्या शोधात अडकतो, हे खरे आहे. पण जेथे कर्बरॉस वापरात आहे, तेथे ती बंद केल्यास पासवर्डशिवाय होणारे लॉगिन मोडते. म्हणून आधी केवळ एका कमांडपुरती ती बंद करून फरक पाहावा आणि फरक पडलाच, तर आपल्या क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरपुरतीच नोंद करावी.

पंचवीस सेकंदांचे कोडे

एका संस्थेच्या सर्व्हरवर अद्ययावतीकरणानंतर प्रत्येक लॉगिनला २५ सेकंद लागू लागले, तेव्हा मी स्वतः अर्धा दिवस डीएनएसच्या मागे घालवला. आकडा समोर होता, पण मी त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. डी-बसवरून (सर्व्हरवरच्या सेवांना एकमेकींशी बोलू देणाऱ्या यंत्रणेवरून) पाठवलेल्या मागणीला उत्तर मिळण्याची नेहमीची मुदत २५ सेकंद असते. लॉगिन झाल्यावर पॅमचा (लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचा) सिस्टमडी विभाग सिस्टमडी-लॉगिनडी या सेवेकडे सत्राची नोंद करू पाहतो. मधल्या काळात डी-बस रीस्टार्ट झालेली असेल, तर लॉगिनडीचा तिच्याशी असलेला संबंध तुटलेला असतो आणि मागणी मुदत संपेपर्यंत लोंबकळत राहते. जर्नलमध्ये सत्र तयार करता न आल्याची आणि मुदत संपल्याची नोंद स्पष्ट दिसत होती. सिस्टमडी-लॉगिनडी रीस्टार्ट करताच लॉगिन पूर्ववत झाले.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे पॅमच्या फाइलमधून तो विभागच काढून टाकणे. उशीर जातो, परंतु सत्रांची नोंद होणे थांबते, वापरकर्त्याचे रन-यूजर फोल्डर तयार होत नाही, आणि रूटशिवाय चालणारे पॉडमनचे कंटेनर काही दिवसांनी अनाकलनीय तऱ्हेने अडू लागतात. तोपर्यंत ही ओळ काढल्याचे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

पासवर्ड स्वीकारल्यानंतरच्या उशिराचे आणखी एक कारण फारच थोडे लोक तपासतात. रेड हॅट परिवारातल्या अनेक सर्व्हरवर लॉगिन होताच ‘मागील यशस्वी लॉगिननंतर इतके प्रयत्न फसले’ अशा अर्थाची ओळ दिसते. हा आकडा काढण्यासाठी फसलेल्या प्रयत्नांची बीटीएमपी ही फाइल प्रत्येक वेळी वाचली जाते. तिच्यातली एक नोंद ३८४ बाइटची असते. इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरवर पासवर्ड ओळखू पाहणाऱ्यांचे १ कोटी प्रयत्न साठले, तर फाइल सुमारे ३.८ जीबीची होते. जुन्या नोंदी वेळोवेळी बाजूला काढणारे लॉगरोटेट चालू आहे ना, हे पाहावे आणि वारंवार फसणारे पत्ते अडवणाऱ्या फेल टू बॅनने किंवा फायरवॉलने त्या प्रयत्नांनाच आवर घालावा. ती ओळ बंद करून फाइल वाढू देणे हा उपाय नव्हे.

एकाच वापरकर्त्याला उशीर होत असेल, तर सर्व्हरच्या सेटिंगला हात लावण्याचे कारण नाही. लॉगिन होताच चालणाऱ्या त्याच्या बॅशआरसी व प्रोफाइल फाइल पाहाव्यात. एनव्हीएम आणि कोंडा या प्रोग्रॅमिंगच्या साधनांनी घातलेल्या ओळी तेथे बऱ्याचदा सापडतात. त्याचे होम फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर, आहे का, हेही विचारावे.

बदल करताना उघडे असलेले एक सत्र शेवटपर्यंत बंद करू नये. फाइल बदलल्यावर एसएसएचडीला छोटा ‘टी’ हा पर्याय देऊन तिची तपासणी करावी, सेवा रीलोड करावी आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नवे लॉगिन करून वेळ मोजावा. मात्र क्लायंटवर कंट्रोलमास्टर (एकच जोडणी अनेक लॉगिनसाठी वापरण्याचे सेटिंग) चालू असेल, तर ते दुसरे लॉगिन जुन्याच जोडणीवरून क्षणात आत जाते, त्याची ओळखतपासणी पुन्हा होतच नाही, आणि काहीही सुधारलेले नसताना दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. ही चाचणी करताना कंट्रोलपाथ हे सेटिंग ‘नन’ करावे, म्हणजे जुनी जोडणी वापरली जात नाही.