एमडीएफचे दुमजली बाहुलीघर : कापणी आणि जोडणी

लाकडाच्या बारीक तंतूंत रेझिन मिसळून, उष्णता आणि दाब देऊन एमडीएफचा तक्ता तयार होतो. त्याला रेषा किंवा गाठी नसल्यामुळे तो कोणत्याही दिशेने सारखाच कापला जातो. मात्र त्याचा पृष्ठभाग जितका घट्ट, तितकीच कड भुसभुशीत असते, आणि पुढची बहुतेक खबरदारी या कडेसाठीच घ्यावी लागते.

येथे दिलेले घर बाहेरून ६०० मिमी रुंद, ५०७ मिमी उंच आणि पाठ सोडून २५० मिमी खोल आहे. दर्शनी बाजू उघडी ठेवली आहे, कारण बिजागरीच्या दारात लहान बोटे चेमटतात. पाठ ३ मिमीची आणि बाकी सर्व ९ मिमीचे घ्यावे. बाजूंचे दोन तुकडे ५०७ × २५० मिमीचे, तर त्यांच्यामध्ये बसणारे तळ, मधली जमीन आणि छत हे तीन तुकडे ५८२ × २५० मिमीचे होतात. दोन्ही बाजूंच्या जाडीचे १८ मिमी वजा करायला मी पहिल्या खेपेस विसरलो होतो आणि तिन्ही तुकडे पुन्हा कापावे लागले. असे केल्यावर प्रत्येक मजला २४० मिमी उंच मिळतो, म्हणजे एकास बारा या प्रमाणात सुमारे साडेनऊ फूट.

सरळ काप प्लायवूडच्या दुकानातील यंत्रावर करून घेणे सर्वांत उत्तम. तिथे उरलेले तुकडेही स्वस्तात मिळतात. घरी कापायचे असल्यास पात्याची जाडी हिशेबात धरावी आणि पाते रेषेच्या टाकाऊ अंगाने चालवावे. जिगसॉचे (उभ्या, बारीक पात्याच्या विजेच्या करवतीचे) नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी. हातकरवतीसाठी ती वर असावी. खिडक्या जोडणीपूर्वीच कापाव्यात : चारही कोपऱ्यांत आतल्या अंगाने १० मिमीची भोके पाडून त्यांतून जिगसॉचे पाते घालावे, आणि भोक पाडताना खाली टाकाऊ फळी दाबून धरावी, नाहीतर मागची बाजू फुटते. कापताना पिठासारखी भुकटी उडते व ती फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे हे काम अंगणात किंवा गच्चीवर, एन९५ मास्क व चष्मा लावून, मुलांना दूर ठेवूनच करावे.

कड गोंद शोषून घेते. म्हणून तिला आधी निम्मे पाणी घातलेला पांढरा गोंद लावावा, तो वाळू द्यावा आणि मगच घट्ट गोंदाचा हात द्यावा. ही पायरी गाळली तर सांधा आतून कोरडा राहतो. कडेत थेट ठोकलेला खिळा तक्त्याची जाडी उकलतो, आणि ९ मिमीच्या कडेत स्क्रू तर घालूच नये. बाजूच्या तक्त्यातून आडव्या तुकड्याच्या कडेच्या बरोबर मध्यावर १ मिमीचे भोक पाडून २५ मिमीचे बारीक खिळे ठोकावेत. पहिला आणि शेवटचा खिळा टोकापासून किमान ३० मिमी आत असावा. खिळ्यांचे काम तुकडा जागेवर धरण्यापुरतेच असते, खरा जोर गोंदाचा असतो.

गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सुमारे ७८५ मिमी भरले पाहिजेत. फरक असल्यास लांब कर्णाची टोके शिकंज्याने हलकेच दाबून सांगाडा काटकोनात आणावा आणि लगेच ६०० × ५०७ मिमीची पाठ गोंद व खिळ्यांनी बसवावी, म्हणजे तो पुन्हा हलत नाही. रात्रभर शिकंजे काढू नयेत.

खोल्यांच्या आडभिंती सांगाडा वाळल्यावर प्रत्यक्ष माप घेऊन कापाव्यात, आणि वरची भिंत खालच्या भिंतीच्या सरळ रेषेत ठेवू नये, कारण तसे केल्यास मधल्या जमिनीतून दोन्हींना खिळे मारता येत नाहीत.

शेवटी सर्व कडा काचकागदाने गोल कराव्यात, कडांना प्रायमरचे दोन हात देऊन मध्ये घासावे आणि शिसेविरहित, पाण्यात मिसळणारा रंग लावावा. ओल्या फडक्याने पुसले जाण्याची शक्यता तळालाच जास्त असल्यामुळे तळाची खालची बाजूही रंगवायला विसरू नये.