जुन्या पिकअपला डंपिंग हौदा बसवण्याआधी

जॅक, म्हणजे हौदा उचलणारा तेलाच्या दाबाचा सिलिंडर, सगळ्यात शेवटी आणायचा. आमच्याकडं बहुतेक जण उलटं करतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या ट्रॉलीचा जॅक स्वस्तात मिळतो, तो दारात येऊन पडतो आणि मग त्याच्यासाठी गाडी कापायला सुरुवात होते. माझ्या टाटा 207 च्या वेळी मीही असाच निघालो होतो. जॅक चॅसीत धरून बघितला, तर बरोबर मागची चाकं फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या वाटेत. शिवाय ट्रॉलीच्या जॅकला तेल ट्रॅक्टर देतो, पिकअपमध्ये तेल ढकलणारा पंपच नसतो.

म्हणून पहिलं काम वजनकाट्याचं. गाडी रिकामी न्या, टाकी भरलेली असू द्या, आणि आधी अख्खी गाडी, मग पुढची-मागची चाकं वेगवेगळी काट्यावर घेऊन तिन्ही आकडे लिहून ठेवा. आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की भाराची खरी ताकद कळते. समजा ती एक टन आहे आणि नवा हौदा, सबफ्रेम (हौद्याखालची आधाराची चौकट), जॅक मिळून जुन्या हौद्यापेक्षा 300 किलोनं जड झालं, तर हातात उरले 700 किलो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. म्हणजे ही गाडी ब्रासचा सहावा हिस्साही वाळू नेणार नाही. शेणखत, पालापाचोळा, थोडी माती यासाठी मात्र ती उत्तम. म्हणून हौदा उथळ ठेवा. खोल हौदा दिसला की भरणारा तो काठोकाठ भरतो.

मग चॅसी. इथं घाई करू नका, एक अख्खा दिवस द्या. पाण्याच्या प्रेशरनं धुऊन, वाळवून, छोट्या हातोडीनं दर वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणकतं, कुजलेलं बद्द वाजतं. 2019 आणि 2021 च्या पुरात आपल्याकडं कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. तसल्या गाडीच्या चॅसीतल्या एखाद्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून बघा. माझ्या गाडीतून पंचगंगेचा गाळ भुग्यासारखा गळाला आणि त्यामागं पत्रा बोटानं दबत होता, मागच्या पाट्याच्या हँगरच्या (पाटा चॅसीला अडकतो त्या कडीच्या) अगदी वर. हौदा उचलला की मागं सरकलेला सगळा भार तिथंच येतो. ते दुरुस्त होईपर्यंत मी पुढचं काहीच केलं नाही. पाटे, यू-बोल्ट, मागचे ब्रेकचे ड्रम याच वेळी उघडून बघा.

कागद याच टप्प्यावर, वेल्डिंगच्या आधी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. आरटीओची परवानगी आधी घ्या, बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवा, विमा कंपनीलाही लेखी द्या. गाडीची विंटेज नोंदणी करायचं मनात असेल तर हौद्याचा विचार सोडा. 2021 चा तो नियम 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी आहे. अस्सल हौदा शाबूत असलेली जुनी गाडी तर कापूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सबफ्रेम केबिनच्या मागून थेट शेवटापर्यंत अखंड घ्या, म्हणजे भार एका जागी टोचत नाही. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. बोल्ट उभ्या बाजूत, नाहीतर यू-बोल्ट, आणि तो आवळताना चॅनेल चेपू नये म्हणून आत लोखंडी ठोकळा. मागच्या बिजागऱ्या एकाच सरळ रेषेत हव्यात, नाहीतर हौदा उचलताना पीळ खातो. फाळक्याची बिजागरी वर ठेवा. वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीच्या तारा सोडा आणि डिझेलची टाकी उतरवा.

आता जॅक. 12 व्होल्टचा पॉवर पॅक, म्हणजे बॅटरीवर चालणारी मोटर आणि तेलाचा पंप एकत्र, सोयीचा, पण 2 किलोवॅटची मोटर 160 अँपिअरच्या वर करंट खेचते. त्याला 50 चौरस मिलिमीटरची केबल, बॅटरीजवळच फ्यूज आणि शक्यतो दुसरी बॅटरी. 75 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक 150 बार दाबाला साडेसहा टनांवर जोर देतो. पण कात्री पद्धतीत, म्हणजे जॅक कात्रीसारख्या उघडणाऱ्या दांड्यांमधून जोर देतो तेव्हा, सुरुवातीला, हौदा आडवा असताना, त्यातला थोडाच जोर उचलायला लागतो. पाइप फुटला तर हौदा धाडकन खाली येऊ नये म्हणून जॅकच्या तोंडाशीच लॉक व्हॉल्व्ह बसवून घ्या.

टेकू हौद्यालाच बिजागरीनं जोडलेला असावा. सुटा टेकू ऐन वेळी गोठ्यात सापडतो. टेकू लावल्याशिवाय, पोरगं असो की मिस्त्री, कुणालाही उचललेल्या हौद्याखाली जाऊ देऊ नका.

पहिली चाचणी सपाट, कडक जागेवर, वर विजेच्या तारा नसलेल्या ठिकाणी घ्या. उसाच्या बांधावर तारा किती खाली लोंबतात ते आधी मान वर करून बघा. आधी रिकामा हौदा, मग पाव भार, मग अर्धा. प्रत्येक वेळी खाली वाकून शाफ्ट, ब्रेकचा पाइप आणि हौद्यात किती बोटं अंतर उरतं ते पाहा, आणि पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा.