त्सुनामीची वाळू शोधताय? मग या चुका टाळा

पावसाळा संपला की कुणीतरी खाडीकाठच्या चिखलात ऑगर (हाताने फिरवायचा माती खणायचा गिरमिट) घालतं, दोन फुटांवर वाळू लागते आणि संध्याकाळी मला फोटो येतो, "सर, त्सुनामी!" अरे बाबा, जरा दम धर. त्सुनामी समुद्राची वाळू आत आणून थर टाकते हे खरं, पण वाळू वादळाने आत येते, नदीच्या पुराने येते, वाऱ्याने उडूनसुद्धा येते.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून बोलतोय. कोकणातल्या केळशीच्या वाळूच्या टेकाडातल्या थराचा संबंध काही संशोधकांनी १५२४ च्या त्सुनामीशी लावलाय, त्या वर्षी वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळजवळ समुद्र हादरलेला जाणवल्याची नोंद आहे, त्यामुळे कोकणात उतरलेल्या प्रत्येकाला आपलं एक केळशी हवं असतं, मलाही हवं होतं. एका खाजणात मस्त बोटभर जाड स्वच्छ वाळू मिळाली, खाली काळा चिखल, वर काळा चिखल, आम्ही खूश, चार दिवस तेच. पाचव्या दिवशी बांधावर बसलेले आजोबा म्हणाले, "ती होय? बांध फुटला होता ना, तेव्हाची." विश्वास बसेना म्हणून कोअर (जमिनीतून काढलेला मातीचा उभा दांडा) परत उभा कापला, तर वाळूच्या चार बोटं *खाली* चिखलात जाळ्याचा हिरवा नायलॉनचा धागा. विषय संपला! तेव्हापासून माझी सवय म्हणजे आधी गावात चहा, मग ऑगर.

मग खरी खूण काय? वाळू सोडा, तिच्या खाली-वर बघा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ब्रायन अॅटवॉटर या भूवैज्ञानिकाने १९८० च्या दशकात जे दाखवलं ते हेच, खाली गवताळ दलदलीचं पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर), त्यावर वाळू, त्यावर एकदम भरतीचा चिखल, आणि गवताची खोडं वाळूत उभीच्या उभी पुरलेली. म्हणजे जिथे गवत उगवत होतं ती जमीन एका झटक्यात भरतीच्या पाण्याखाली गेली. वादळ वाळू आणेल, पण किनारा मैलोन्मैल असा खाली बसवणार नाही, ते सबडक्शनच्या, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथल्या, मोठ्या भूकंपाचं काम. पीट ते चिखल हा बदल हळूहळू होत गेलेला दिसला तर भूकंप विसरा.

दुसरी माझी आवडती चूक, वय काढायला वाळूतला शिंपला उचलणं. तो शिंपला लाटेने कुठून खरवडून आणलाय कुणास ठाऊक, शिवाय समुद्रातल्या शिंपल्याचं कार्बन वय तसंही चारेकशे वर्षं जास्त येतं, करेक्शन लागतंच. वाळूतलं लाकूडही तसंच, आधीच मेलेलं असू शकतं. मी थराच्या लगेच खालची बी किंवा पान घेतो, नाहीच मिळालं तर रिकाम्या हाताने घरी जातो. घाईवाल्यांना हे पटत नाही, त्यांना महिन्यात तारीख हवी असते. वॉशिंग्टनमध्येच उभ्या मेलेल्या सीडर झाडांच्या खोडांची बाहेरची वलयं झिजून गेली होती, मग चिखलाखालची साल शाबूत असलेली मुळं खणली, शेवटचं वलय १६९९ चं निघालं. आणि जपानमध्ये भूकंप न जाणवताच लाटा आल्याची जुनी नोंद होतीच, तिच्यावरून हिशोब लावून २६ जानेवारी १७०० ची रात्र पक्की झाली. अशी तारीख नशिबाने मिळते, पण मुळं खणणाऱ्यालाच मिळते.

बाकीच्या पटापट सांगतो.

एका भोकावरून बोलू नका. किनाऱ्यापासून आतपर्यंत रांगेत कोअर घ्या, थर आत जाताना पातळ होतो का बघा.

वाळू संपली म्हणजे पाणी तिथेच थांबलं असं धरू नका. २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या सेंदाईच्या सपाटीवर काही ठिकाणी पाणी साडेचार किलोमीटर आत गेलं, ठळक वाळू तीनच्या आतच संपली, पुढे नुसता गाळ. तिथल्याच इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीचा आवाका वाळूवरूनच मोजला होता, म्हणजे तो कमीच धरला गेला असणार.

डायटम आणि फोरॅम (पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची कवचं) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा कंटाळा करू नका. वाळू समुद्रातली की नदीतली, हे डोळ्यांना कळत नाही.

कोकणाखाली सबडक्शन नाही, सगळ्यात जवळचं पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळच्या मकरानचं. नोव्हेंबर १९४५ ला तिथल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, पण म्हणून मुंबईची जमीन खचलेली शोधत बसू नका.

आणि कोअरचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, चप्पल नको.