निर्वासनाची अरबी कविता कशी वाचावी

आधुनिक अरबी कवितेतील परागंदा माणूस आणि त्याची मायभूमीची ओढ समजून घ्यायची असेल, तर सुरुवात कवींच्या यादीपासून न करता दोन शब्दांपासून करावी, कारण हे शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन इतके मुरले आहेत की ते आपल्याला सहज चकवतात. ‘वतन’ म्हटले की आपल्याला पाटीलकी आणि सनदा आठवतात. अरबीत मात्र आपण जिथले, तो मुलूख म्हणजे वतन. ‘गरीब’ म्हणजे तिकडे परका माणूस, आणि परमुलखातल्या त्याच्या परकेपणाला त्याच धातूपासून ‘गुर्बा’ म्हणतात.

आता एकच कविता निवडावी आणि ती पुन्हा पुन्हा वाचावी. माझ्या मते इराकचे बद्र शाकिर अस-सय्याब यांच्या ‘आखाताकाठचा परका’ या कवितेइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. बसऱ्याजवळच्या जैकूर गावी १९२६ मध्ये जन्मलेले हे कवी राजकीय धरपकडीमुळे देश सोडून कुवेतला गेले आणि १९५३ मध्ये त्यांनी ही कविता लिहिली. तिच्यात कॅफेवरून जाताना कानावर पडलेली तबकडी इराक होऊन फिरू लागते. पण वाचकाने थांबायचे ते पैशांच्या ओळींपाशी. जहाजांनी उतारूंकडून भाडे घेतले नसते तर किती बरे झाले असते, असे कवितेतला परका म्हणतो आणि जवळची नाणी मोजत राहतो. इथे अरबी ‘गरीब’ आणि मराठी ‘गरीब’ एकाच माणसात भेटतात, आणि हा योग मराठी वाचकाने तरी दवडू नये.

त्यानंतर त्यांचीच ‘पाऊसगाणे’ घ्यावी. ‘मतर, मतर, मतर’ म्हणजे पाऊस, पाऊस, पाऊस, हे पालुपद अरबी येत नसले तरी मोठ्याने म्हणावे. मात्र आपल्या पहिल्या पावसाचा आनंद त्यात शोधू नये. तिथे पाऊस पडतो, पिके येतात आणि तरीही इराकमध्ये भुकेवाचून एकही वर्ष जात नाही.

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश वाचताना नकाशा आणि सनावळी जवळ ठेवावी. १९४१ मध्ये गॅलिलीतील बिरवा गावी जन्मलेल्या या कवीचे कुटुंब १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात लेबनॉनला पळाले, आणि ते गुपचूप परतले तेव्हा गाव उद्ध्वस्त झाले होते. त्यामुळे मायदेशातच त्यांची गणना ‘हजर-गैरहजर’, म्हणजे देशात असूनही इस्रायली कायद्याच्या लेखी गैरहजर, या चमत्कारिक वर्गात झाली. आईच्या भाकरीची आणि कॉफीची ओढ सांगणारी त्यांची सुप्रसिद्ध कविता १९७० मध्ये त्यांनी देश सोडण्याच्या आधीची आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे निर्वासनासाठी सीमा ओलांडावीच लागते हा समज गळून पडतो. त्या कॉफीला लगेच राष्ट्राचे प्रतीक करण्याची घाई समीक्षकांना असते. आपण ती आधी आईच्या हातची कॉफी म्हणूनच वाचावी. १९९६ मध्ये ते पॅलेस्टिनी प्रदेशातील रामल्ला शहरात राहायला आले आणि २००८ मध्ये त्यांचे दफनही तिथेच झाले, बिरव्यात नव्हे. म्हणून उत्तरकाळातील कविता घरी परतलेल्या माणसाच्या आहेत असे गृहीत धरून वाचू नयेत.