ताजे थाई व्हेज रोल: राइस पेपर फाटू न देता, चिवट होऊ न देता

हॉटेलच्या मेनूवर ‘थाई फ्रेश रोल’ म्हणून जो न तळलेला, राइस पेपरच्या म्हणजे तांदळाच्या पातळ पापुद्र्यातून आतली भाजी दिसेल असा रोल असतो, तो मुळात व्हिएतनामचा. तिथे त्याला गोई कुओन म्हणतात. थायलंडचा स्वतःचा ताजा रोल म्हणजे पो पिया सोत. तो गव्हाच्या पिठाच्या मऊ, पातळ पोळीत गुंडाळतात आणि वर चिंचेचा गोडसर दाट सॉस घालतात. राइस पेपरचे रोल थायलंडच्या ईशान्येला, नोंग खाय आणि उदोन थानीकडे घरोघर ओळखीचे आहेत, कारण तिथे व्हिएतनामी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरी करताना दोन्हीकडचं चांगलं ते घ्यावं: आवरण राइस पेपरचं, आतला पाला आणि चटणी थाई.

बारा रोलसाठी २२ सेंटिमीटर व्यासाचे राइस पेपर घ्या. बारा नको, पंधरा घ्या, पहिले एकदोन हात बसेपर्यंत जातातच. तांदळाच्या बारीक कोरड्या शेवया ७५ ग्रॅम, एक मोठं गाजर, एक काकडी, १५० ग्रॅम घट्ट टोफू, लेट्यूसची बारा पानं, पुदिना, कोथिंबीर आणि मिळाली तर थाई बेसिल. कैरी पाडाला लागली असेल तर तिच्या चार फोडी बारीक कापून घाला, फार छान लागते.

बेसिलच्या जागी तुळस घाला, असं बरेच जण सांगतात. घालू नका. आपली तुळस आणि थाई स्वयंपाकातली क्रपाव एकाच जातीच्या, आणि थाई लोकही क्रपाव मोठ्या आचेवर परतूनच खातात. ताज्या रोलमध्ये जाते ती होरफा, म्हणजे फालुद्यातला सब्जा ज्या झाडाचा, त्याच जातीतली. कुंडीत सब्जा पेरलेला असेल तर त्याची कोवळी पानं चालतील. नाहीतर पुदिना वाढवा.

खरेदीत एकच घोळ होतो. फ्रीझरमध्ये ‘स्प्रिंग रोल शीट’ म्हणून मिळते ती मैद्याची पट्टी तळणासाठी असते, ती कच्ची खायची नाही. आपल्याला हवा तो कोरड्या सामानाच्या फळीवरचा, काचेसारखा कडक, गोल राइस पेपर. पाकिटावर तांदळाचं पीठ, टॅपिओका, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असावं. पाकीट हलवून बघा. आत चुरा खुळखुळत असेल तर दुसरं उचला.

शेवया उकळत्या पाण्यात झाकून ३ ते ४ मिनिटं, मग गार पाण्याखाली धुवा आणि सुती कापडावर पंधरा मिनिटं पसरा. गाजर काडीपेटीतल्या काडीइतकं बारीक. काकडीच्या बिया चमच्याने खरवडून टाका. टोफू दाबून पाणी काढा, बोटभर लांब पट्ट्या करा, तव्यावर थोड्या तेलात सोनेरी करा आणि पूर्ण गार होऊ द्या. मोड घालणार असाल तर उकळत्या पाण्यातून वीस सेकंद काढा. भाज्यांना आधी मीठ लावायचं नाही. मिठाने पाणी सुटतं, आणि आतून ओला झालेला रोल ताटात ठेवल्या ठेवल्या उकलतो.

आता राइस पेपर भिजवणं. शंभरातले नव्वद रोल इथेच बिघडतात.

बऱ्याच पाकिटांवर आणि व्हिडिओंत ‘गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवा’ असं सांगितलेलं असतं. हे अजिबात ऐकू नका. राइस पेपरला ताण येतो तो टॅपिओकामुळे, आणि साबुदाणा त्याच कंदाचा. साबुदाण्यात पाणी चमचाभर जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो, तसंच इथे होतं: कागद पाण्यातच पूर्ण मऊ झाला की पाटावर येईपर्यंत त्याचा चिकट लगदा होतो. शिवाय पाण्यातून काढल्यावर भिजणं थांबत नाही. अंगावर राहिलेलं पाणी कागद पुढचं मिनिटभर पीत राहतो. म्हणून त्याला कच्चा असतानाच बाहेर काढायचं.

पसरट ताटात साधं, नळाचं पाणी घ्या. आपल्या हवेत ते कोमट करायचीही गरज नसते. परदेशात थंडीत नळाचं पाणी बर्फासारखं येत असेल तर तेवढ्यापुरतं बोटाला जेमतेम ऊबदार लागेल इतकं करा. एका वेळी एकच कागद बुडवा, गोल फिरवत सगळीकडून भिजवा, आणि ४ ते ६ सेकंदांत उचला. उचलताना तो पातळ प्लास्टिकसारखा ताठ वाटला पाहिजे, वाकेल पण लोंबणार नाही असा. बहुतेक कागदांवर बांबूच्या चटईची जाळी उमटलेली असते. ती बोटाला अजून खरखरीत लागायला हवी. पाणी निथळू द्या आणि कागद पाटावर ठेवा. साधारण ४० सेकंदांत जाळी पुसट होत जाते आणि कागद गुळगुळीत, लवचीक होतो. तोवर वर भाजी मांडून होते. कडा मधल्यापेक्षा जाड असतात, त्या मागाहून मऊ पडतात. कड अजून टणक लागली तर ओलं बोट फिरवा, पुन्हा पाण्यात घालू नका.

कागद कशावर ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. कोरडा लाकडी पोळपाट नको, कागद त्याला असा धरतो की सोडवताना फाटतोच. टिश्यू पेपर तर मुळीच नको. स्टीलचं मोठं ताट, प्लास्टिकचा बोर्ड किंवा ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर ओला हात फिरवून घेतलेला, हे सगळ्यात बरं. डोक्यावरचा पंखा बंद करा. पंख्याखाली कडा सुकून उलटतात आणि मग चिकटायलाच तयार होत नाहीत. वेळ वाचवायला चार कागद एकदम भिजवून ठेवायची युक्तीही सोडून द्या. त्यांची जी गड्डी होते, ती पुन्हा सुटी होत नाही.

भाजी मांडताना कागदाचा आपल्याकडचा एक तृतीयांश भाग वापरा, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी सोडून. सगळ्यात खाली लेट्यूसचं पान, त्याची मधली जाड शीर आधी दाबून मोडलेली. हे पान शोभेसाठी नाही: गाजराच्या टोकदार काड्या थेट कागदाला लागल्या की तिथूनच भोक पडतं. पानावर शेवयांचा लहानसा झुबका, मोठा चमचाभर, त्यात गाजर, काकडी, टोफू दडवलेले. एकूण ढीग अंगठ्यापेक्षा थोडा जाड, बस. पोटभर भरलेला रोल दिसायला भारी, पण पहिल्याच घासाला हातात सुटतो. पुदिन्याची तीन-चार पानं मात्र ढिगात घालू नका. ती ढिगाच्या पुढे, रिकाम्या कागदावर, गडद बाजू खाली करून ठेवा. शेवटच्या वेढ्यात ती वर येतात आणि कागदातून हिरवी दिसतात.

आता आपल्याकडची कड उचलून ढिगावरून पलीकडे न्या आणि बोटांनी ढीग आपल्या दिशेने ओढून घट्ट बसवा. रोल घट्ट व्हायचा तो इथेच होतो. पुढे कितीही आवळलं तरी उपयोग नाही, कागद मात्र ताणून फाटेल. एक वेढा झाला की दोन्ही बाजू आत दुमडा, मग पुढे गुंडाळत जा. बाजू आधी दुमडायची पद्धतही चालते, पण त्यात टोकांना कागदाचे जाड थर साठतात आणि तेवढाच भाग चिवट लागतो. छोटी चीर पडली तर गुंडाळत राहा, पुढचा वेढा ती झाकतो. मोठी पडली तर दुसरा कागद भिजवून त्यात अख्खा रोल गुंडाळा.

शेंगदाण्याच्या सॉसला पाच मिनिटं लागतात: भाजलेल्या शेंगदाण्यांचं गुळगुळीत वाटण अर्धी वाटी, दाट नारळाचं दूध अर्धी वाटी, चिंचेचा कोळ एक मोठा चमचा, गूळ दीड चमचा, सोया सॉस एक चमचा, भिजवून वाटलेल्या दोन सुक्या मिरच्या. मंद आचेवर सारखं करा, घट्ट झालं तर पाणी. पण आमचं मत विचाराल तर या रोलला हिरवी चटणीच हवी, कुएतियाओ लुई सुआन, म्हणजे तांदळाच्या ताज्या, रुंद शेवईत गुंडाळलेल्या थाई रोलबरोबर देतात त्या धर्तीची. मंडईतून मुळांसकट कोथिंबीर आणा. स्वच्छ धुतलेली मुळं आणि देठं मिळून दोन मोठे चमचे, लसूण पाच पाकळ्या, हिरव्या मिरच्या पाच-सहा, हे खलबत्त्यात जाडसर कुटा. त्यात साखर दीड चमचा, लिंबाचा रस तीन चमचे, मीठ. मूळ चटणीत फिश सॉस असतो, म्हणून थायलंडात शाकाहारींनी नुसत्या भाजीच्या रोलबरोबर आलेली चटणीही विचारूनच खावी. घरी त्याच्याऐवजी चमचाभर फिकट सोया सॉस घाला. मिक्सरमध्ये पेस्ट करू नका, चव उतरते.

तयार रोल ताटात एकमेकांना लागू न देता ठेवा, लागले की सोलल्यासारखे फाटतात. दाटीवाटी असेल तर मध्ये लेट्यूसचं पान घाला आणि वरून ओलं, घट्ट पिळलेलं सुती कापड झाका. दोन तासांत संपवलेले बरे. फ्रिजमध्ये तांदळाचा स्टार्च पुन्हा कडक होतो, म्हणून सकाळी करून रात्रीच्या पाहुण्यांना वाढायचा बेत करू नका. भाजी आणि चटणी सकाळी, गुंडाळणं पाहुणे आल्यावर. कापायचे असतील तर धारदार सुरी प्रत्येक वेळी ओली करून तिरका एकच काप द्या. फ्रिजमध्ये राहून चिवट झालेले रोल दुसऱ्या दिवशी नॉनस्टिक तव्यावर चमचाभर तेलात, एकमेकांपासून लांब ठेवून, चारही बाजूंनी कुरकुरीत करा. आत काकडी असेल तर तेल उडतं, जरा दुरूनच.