बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लाईटच्या पाइपातून पाणी गळत होतं, ते असं थांबवलं

तासगावकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, आत ४ डिग्री. जुलैत आतल्या लाईटची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा सेफ्टी स्विच) सारखी ट्रिप व्हायला लागली. जंक्शन बॉक्स (वायरी जोडायचा डबा) उघडला तर आत चक्क वाटीभर पाणी! आधी वाटलं छत गळतंय, दोन दिवस पत्र्यावर चढून शोधण्यात गेले, पण पाणी वायरींच्या पाइपातच तयार होत होतं. बाहेरची दमट हवा पाइपातून आत शिरते, २८ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला साधारण २२ ग्रॅम वाफ असते आणि ४ डिग्रीला साडेसहाच्या वर मावतच नाही, मग बाकीची पाणी होऊन सगळ्यात खालच्या बॉक्समध्ये उतरते.

आधीच्या माणसाने पाइपाच्या भोवती सिलिकॉन भरलं होतं, पण पाइपाचं तोंड आतून उघडंच! खरी चूक ती.

मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, वायरी कोरड्या केल्या, एक खराब झालेली बदलली. मग भिंतीच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला बॉक्स बसवला आणि तिथे पाइपात प्रत्येक वायरीच्या मधून दाबून डक्ट सील पुटी भरली. वायरींचा जुडगा तसाच ठेवून वरून लिंपू नका, मधल्या फटीतून हवा जातेच. पुटी वाळत नाही, पुढे वायर ओढायची तर काढता येते, म्हणून फोम टाळला. भिंतीच्या पॅनलमधून जाणारा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा काढून पीव्हीसी टाकला, लोखंडातून थंडी बाहेर येऊन तिथेही घाम फुटायचा.

ऑगस्टमध्ये बॉक्स परत उघडला, कोरडा ठणठणीत.